तक्रार निकाली काढण्यात आली आहे

पहिली तक्रार मी रागाच्या भरात केली, हे कबूल करते. पस्तीस मिनिटं थांब्यावर उभी होते आणि मग एकाच नंबरच्या तीन गाड्या एकदम आल्या, एकीच्या शेपटीला दुसरी, दुसरीच्या शेपटीला तिसरी. पहिलीचं दार लागत नव्हतं इतकी माणसं आत कोंबलेली. पायरीवरच्या घोळक्याच्या डोक्यावरून कंडक्टर ओरडला, "मागची रिकामी आहे, मागची घ्या!" मागची खरंच रिकामी होती. पण तिच्या ड्रायव्हरने पुढची गाडी उभी पाहिली, बाजूने तिला ओलांडलं आणि थांब्याकडे न बघता निघून गेला. तिसरी थांबली. तिच्यात चढले, खिडकीपाशी जागासुद्धा मिळाली, आणि बसल्या बसल्या परिवहन उपक्रमाचं अ‍ॅप उघडून तक्रार लिहायला घेतली. थांब्यावरच्या पाटीवर तर स्वच्छ रंगवलेलं होतं : दर १० मिनिटांनी.

अ‍ॅप म्हणालं, तक्रारीचा प्रकार निवडा. बस आली नाही. बस थांबली नाही. कर्मचाऱ्याचे वर्तन. तिकीट व सुटे पैसे. हरवलेली वस्तू. इतर. "तीन बस एकदम आल्या" असा प्रकार यादीत नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून "बस आली नाही" निवडला. तक्रार क्रमांक आला. चार दिवसांनी संदेश : "सदर कालावधीत आपल्या थांब्यावरून तीन बस गेल्याचे जीपीएस नोंदीवरून दिसून येते. तक्रार निकाली काढण्यात आली आहे."

यात खोटं काहीच नाही. पस्तीस मिनिटांत तीन गाड्या, भागाकार केला तर पावणेबारा मिनिटांनी एक. पाटीवर १० लिहिलंय. दोन मिनिटं इकडे-तिकडे कोण बघतो? मी शेवटची पाच मिनिटं सोडली तर बाकीचा सगळा वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत होते, हे त्या भागाकारात कुठे येणार!

दुसऱ्या वेळी शहाणी झाले आणि "बस थांबली नाही" निवडलं. गाडीचा नंबर, वेळ, सगळं टाकलं. याला मात्र दोनच दिवसांत उत्तर : "आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने संबंधित चालकास समज देण्यात आली आहे." तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

तिसरी तक्रार फोनवर केली. एक दाबा, दोन दाबा, करत करत बऱ्याच वेळाने एक मुलगी आली. आवाजावरून समजूतदार वाटली.

"मॅडम, बसचा नंबर सांगा."

"एका बसबद्दल नाही हो. दोन बसच्या मधे अर्धा तास जातो, त्याबद्दल आहे."

"हो, पण मला फॉर्म भरताना एक बस टाकावी लागते. कुठली टाकू? पुढची की मागची?"

मला हसू आलं. तिलाही आलं असावं. माझी तक्रार दोन गाड्यांच्या मधल्या पोकळीबद्दल होती आणि पोकळीला नंबर प्लेट नसते. शेवटी तिने "इतर" मध्ये माझं म्हणणं चार ओळींत बसवलं. तेही आठवडाभराने निकाली निघालं, या वेळी कारण न देता.

त्यानंतर मी वही केली. माझं काम हिशेबाचं आहे, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला कुठल्याच भांडणात उभं राहता येत नाही. तीन आठवडे सकाळी आठच्या आधी थांब्यावर जायचं आणि तासभर येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ लिहायची. कामावर उशीर होऊ नये म्हणून घरातून तासभर आधी निघत होते. बससाठी उशीर व्हायचा तो व्हायचाच, आता स्वखुशीने होत होता, एवढाच फरक. पहिले दोन दिवस लोक विचित्र नजरेने बघत होते. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी विचारलं, "सर्व्हे आहे का?" मी नाही म्हटलं तर म्हणाले, "मग लिहा, लिहा. कोणीतरी लिहायला पाहिजे." पुढे मी वहीत मान घालून बसले असले की तेच लांबून ओरडायचे, "आली, लिही!"

एका सकाळचं पान इथे मांडते. आठ वाजून दोन मिनिटं. आठ-तीन. मग आठ-सव्वीस, आठ-सत्तावीस, आठ-एकोणतीस. मग थेट नऊ. दोनपासून नऊपर्यंत अठ्ठावन्न मिनिटं, त्यात पाच अंतरं : १, २३, १, २, ३१. सरासरी साडेअकरा मिनिटांच्या आसपास. गाड्या सारख्या अंतराने आल्या असत्या तर कुठल्याही वेळी थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी सहा मिनिटंसुद्धा थांबावं लागलं नसतं. प्रत्यक्षात किती? प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची, आणि त्या बेरजेला एकूण वेळेच्या दुपटीने भागायचं. १४९६ भागिले ११६. जवळजवळ १३ मिनिटं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, पगार तेवढेच, आणि थांबणं दुपटीहून जास्त.

वर्ग का करायचा, असं माझ्या भाच्याने विचारलं होतं. त्याचं कारण असं, की माणसं मोठ्या अंतरातच जास्त सापडतात. त्या अठ्ठावन्न मिनिटांतली चोपन्न मिनिटं दोन मोठ्या फटींनी खाल्लेली होती. शंभर माणसं आपापल्या सोयीने थांब्यावर आली, तर त्यातली त्र्याण्णव त्या दोन फटींत अडकणार. एका मिनिटाच्या अंतरात सापडलेला नशीबवान शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. म्हणून साहेबांची सरासरी आणि आपली सरासरी कधी जुळत नाही. ते गाड्या मोजतात, आपण मिनिटं मोजतो.

गर्दीचंही तसंच. समजा तीन गाड्या आल्या, पहिलीत ९० माणसं, दुसरीत २०, तिसरीत १०. उपक्रमाच्या कागदावर दर गाडीमागे ४० प्रवासी, म्हणजे सगळे मजेत बसून गेले. पण १२० माणसांना एकेक करून विचारलं, की तुमच्या गाडीत किती जण होते, तर नव्वद जण "नव्वद" म्हणतील. त्या उत्तरांची सरासरी ७२ च्या घरात येते. लोक गर्दीबद्दल खोटं बोलतात, वाढवून सांगतात, असं कार्यालयांमध्ये म्हणतात. लोक बरोबरच सांगत असतात.

मधल्या काळात अ‍ॅपने वेगळाच छळ मांडला होता. "४ मिनिटांत येत आहे" असं दाखवायचं, मग तीन, मग दोन, आणि मग ती बस पडद्यावरून नाहीशी. रस्त्यावर ती कधी नव्हतीच. हे का होतं ते नंतर कळलं. वेळापत्रकाची फाइल एक असते आणि गाडी या क्षणी कुठे आहे ही माहिती वेगळ्या वाटेने येते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या परिवहन संस्थेने गूगलसोबत वेळापत्रकं ठेवण्याचा जो साचा बनवला, तो आता जगभर चालतो. पण त्यात असतं ते गाडीने काय करायचं ठरलंय तेवढंच. एखाद्या गाडीची जिवंत माहिती आली नाही, तर अ‍ॅप गुपचूप ठरलेली वेळ दाखवतं, आणि आपण कागदावरच्या बसची वाट बघत उभे राहतो. साधा करड्या रंगाचा ठिपका टाकून "ही फक्त ठरलेली वेळ आहे" एवढं सांगितलं तरी चाललं असतं. तीही तक्रार केली. निकाली.

वही भरली तसा माझा राग ओसरला आणि कुतूहल वाढलं. तीन-तीन गाड्या जमतात कशा? डेपोतून तर एकामागे एक सोडत नसतील? एका सुट्टीच्या दिवशी मी त्याच बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे पत्र्याची कंट्रोल केबिन आहे. एक टेबल, एक पंखा, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आणि चष्मा नाकावर उतरवून बसलेले कंट्रोलर काका. मी वही पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मंगळवार ना? त्या दिवशी पुलावर ट्रक बंद पडला होता." मग खुर्चीकडे हात केला. "बसा ताई."

पुढचे दोन तास माझ्या सगळ्या तक्रारींहून कामाचे ठरले.

आधी त्यांनी गाड्या कशा जमतात ते सांगितलं. पुस्तकी काही नाही, रोज डोळ्यांसमोर घडणारं. एक गाडी सिग्नलला किंवा कशानेही दोन मिनिटं मागे पडते. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर चार माणसं जास्त जमतात. त्यांना चढवायला वेळ जातो, गाडी आणखी मागे पडते, त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी माणसं. तिच्यामागच्या गाडीला मात्र थांबे झाडून साफ केलेले मिळतात. ती पळते आणि पुढचीला येऊन चिकटते. "पुढची मजुरी करते, मागची मिरवते," काका म्हणाले. घरी येऊन मी शोधलं तर ही गोष्ट न्यूएल आणि पॉट्स या दोघा अभ्यासकांनी १९६४ मध्येच गणिताने मांडून ठेवलेली सापडली : सारख्या अंतराने सोडलेल्या बस आपोआप सारख्या अंतरावर राहत नाहीत, सोडून दिल्या की जोड्या जमवतात. म्हणजे दोष ड्रायव्हरचा नव्हता. कोणीतरी मधे पडून त्यांना सोडवायला हवं होतं.

"मग इथे सोडवा ना," मी म्हटलं. "तीन एकदम आल्या तर एकीला लगेच सोडा, दुसरीला दहा-बारा मिनिटांनी, तिसरीला त्यानंतर."

काकांनी ड्रॉवर उघडून रजिस्टर काढलं. डावीकडे गाडीचा नंबर, मग ड्यूटी नंबर, मग सुटण्याची वेळ, त्याच्या शेजारी प्रत्यक्ष सुटल्याची वेळ. दोन्ही रकाने एकाच शाईत, एकाच बसणीत भरलेले, आणि दोन्हींत तेच आकडे. त्या दिवशीचं पान संध्याकाळच्या शेवटच्या फेरीपर्यंत भरून तयार होतं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"खरी वेळ लिहिली की प्रत्येक उशिराचा खुलासा मलाच लिहावा लागतो. दिवसाला साठ खुलासे लिहू की गाड्या सोडू?"

त्यांचं पुढचं बोलणं माझ्या कायम लक्षात राहील. तीन गाड्या एकदम आल्या, तिन्ही आपापल्या वेळेच्या मागे आहेत. वरच्या कार्यालयाचा हिशेब गाडीगणिक असतो : ही गाडी वेळेवर सुटली का, हिने ठरलेल्या फेऱ्या पूर्ण केल्या का. त्यामुळे तिन्ही गाड्यांना ताबडतोब हाकलणं हेच त्यांच्या फायद्याचं. एकीला बारा मिनिटं रोखली, तर तिची पुढची फेरी आणखी उशिरा, शेवटची फेरी कट, ड्रायव्हरची ड्यूटी लांबली, ओव्हरटाइम चढला, आणि या सगळ्याचा खुलासा काकांच्या नावाने. आलेली जुडी तशीच परत पाठवली, तर कागदावर सगळं उत्तम. म्हणजे माझ्या थांब्यावर येणारी ती तीन गाड्यांची वरात नुसती वाहतुकीने जमवलेली नव्हती. नियमाने ती मोडू दिली जात नव्हती.

मग गाड्यांचा हिशेब निघाला. तो मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांच्यासमोर मांडला. पूर्वी इकडून तिकडे जायला ५० मिनिटं धरलेली. जाऊन येऊन १००, आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबायला. एक पूर्ण चक्कर १२० मिनिटांची. दर १० मिनिटांनी गाडी हवी तर १२ गाड्या लागतात. कधीतरी वरून फर्मान आलं, की टोकाला उभ्या गाड्या म्हणजे वाया जाणारा पैसा. दोन्हीकडची दहा-दहा मिनिटं उडवली. चक्कर १०० मिनिटांची झाली, १० गाड्यांत काम भागलं, दोन गाड्या वाचल्या. कोणाची तरी पाठ थोपटली गेली असणार.

ती दहा मिनिटं आरामाची नव्हतीच. उशिरा आलेली गाडी वेळेवर परत सुटावी म्हणून ठेवलेली ती उशी होती. शिवाय रस्ते आता पूर्वीचे राहिलेले नाहीत, एका बाजूला साठ मिनिटं लागतात. म्हणजे चक्कर पुन्हा १२० ची, तीही श्वास न घेता, आणि गाड्या मात्र दहाच. १२० भागिले १०. सगळं सुरळीत चाललं, एकही गाडी बंद पडली नाही, तरी दर १२ मिनिटांनी एकच बस येऊ शकते. पाटीवरचे १० शक्यच नाहीत. ते कोणी मुद्दाम फसवायला लिहिलेलं नाही. जुना आकडा, कोणी पुसला नाही, एवढंच.

आम्ही बोलत असताना एक गाडी येऊन लागली. ड्रायव्हर दार उघडून अक्षरशः पळत केबिनमागच्या स्वच्छतागृहात गेला. कंडक्टरने वे-बिलावर सही घेतली, बाटलीतलं पाणी घटाघट प्यायला. दोन मिनिटांत ड्रायव्हर ओल्या हातांनीच परत आला आणि गाडी निघाली. बसमध्ये चढलेल्या एक काकू त्याच्यावर खेकसल्या, "किती वेळ थांबायचं हो आम्ही?" तो काही बोलला नाही.

तेव्हाच काका सहज म्हणाले, "मागे एक बाई तक्रार करत होत्या, गाडी थांबली नाही म्हणून. त्याला मेमो लागला. नवीन पोरगा आहे. त्याला इथूनच सांगितलं होतं, की वेळ भरून काढ."

मी सांगितलं की ती बाई मीच. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"चूक त्याचीही होतीच म्हणा," काका शेवटी म्हणाले. मला सावरायला म्हणाले असतील. पण मी पाच तक्रारी केल्या, आणि सगळ्या यंत्रणेत त्यातली एकच हलली. जी एका माणसाच्या अंगावर टाकता आली, ती. बाकीच्यांना धरायला कोणाची कॉलर नव्हती, म्हणून त्या निकाली निघाल्या.

महिन्यातून एकदा मुख्य कार्यालयात प्रवाशांना भेटीची वेळ देतात. नाव नोंदवलं, पाचव्या नंबरवर होते. माझ्या आधीच्या माणसाचं पासावरचं नाव चुकलं होतं, तो तीन महिन्यांपासून खेटे घालत होता. साहेबांनी समोरच फोन करून ते काम पाच मिनिटांत करून दिलं. मला वाटलं, माणूस करणारा दिसतो. आणि होताही. माझी वही त्यांनी नीट बघितली, मधे फोन आला तर कट केला. मग त्यांच्या महिन्याच्या आढाव्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. धावलेले किलोमीटर, पूर्ण झालेल्या फेऱ्या, बंद पडलेल्या गाड्या, दर किलोमीटरमागे उत्पन्न, अपघात, इंधन. एकोणीस रकाने मी मोजले. प्रवासी किती वेळ थांबला, याचा एकही नाही.

"हे मोजतच नाही आपण," मी म्हटलं.

"मोजायचं कसं? थांब्यावर माणूस ठेवायचा?"

माणूस कशाला, गाड्यांवर जीपीएस आहे की. लंडनमध्ये तासाला पाच किंवा अधिक गाड्या असलेल्या मार्गांवर नेमकं हेच मोजतात : वेळापत्रक पाळलं असतं तर किती थांबावं लागलं असतं, प्रत्यक्षात किती लागलं, आणि दोहोंतला फरक किती. २००१ पासूनच्या त्यांच्या करारांत बस चालवणाऱ्या कंपनीला त्या फरकावर बक्षीस किंवा कपात असते. त्यामुळे तिथल्या कंट्रोलरला गाडी रोखून धरण्यात फायदा दिसतो, आमच्या काकांना तोटा. बक्षीस कशाला दिलं यावर गाडी कशी चालते ते ठरतं. प्रवाशामागे पैसे दिले की गाड्या थांब्यासाठी शर्यती लावतात. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, खासगी बस कंपन्यांचं असंच चाललं होतं, म्हणून १ जुलै २००४ पासून सगळं उत्पन्न एकत्र करून त्यांना किलोमीटरमागे पैसे द्यायला सुरुवात झाली. शर्यत थांबवायला ते ठीक. पण नुसते किलोमीटरच मोजले आणि दुसरं काहीच बघितलं नाही, तर रिकामी गाडी थांबा चुकवून पळाली काय आणि थांबली काय, बिल तेवढंच.

साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण तुमच्या मार्गाला दोन गाड्या वाढवायच्या, तर त्या कुणाच्या काढू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जे होतं ते मी सांगितलं. गाडी वाढवू नका. आहेत त्या दहाच ठेवा. दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं परत द्या. चक्कर १४० मिनिटांची होईल, दर १४ मिनिटांनी एक गाडी. पाटीवर १४ लिहा आणि कंट्रोलरला सांगा, की घड्याळातली वेळ सोड, पुढची गाडी गेली की चौदा मिनिटांनीच मागची सोड. त्याला खुलासा मागू नका. सरासरी थांबणं सातच्या आसपास येईल. आज माझ्या वहीत तेरा आहे.

"म्हणजे फेऱ्या कमी करायच्या?"

"हो."

"आणि लोकांचं थांबणं कमी होईल?"

"हो."

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग हसले. "हे मी वर नेलं तर पहिला प्रश्न येईल, की फेऱ्या का कमी केल्या. दुसऱ्या दिवशी पेपरला येईल, बससेवेत कपात. तुमच्या या वर्ग करून भागायच्या गणिताची बातमी कोण छापणार?" तरीही त्यांनी वहीच्या चार पानांची झेरॉक्स काढून घेतली, आणि "बघतो" म्हणाले. त्या "बघतो"ला मी नावं ठेवणार नाही. त्यांनी खरंच काहीतरी बघितलं असावं.

कारण पुढच्या महिन्यात दोन आठवडे चमत्कार घडला. गाड्या सुट्या सुट्या यायला लागल्या. दहा मिनिटांनी नव्हे. तेरा, पंधरा, कधी सतरा. पण एकेक. दार लागत होतं. उभं राहिलं तरी कोणाचं कोपर बरगडीत जात नव्हतं. आजोबा रोज वही मागून बघायचे. सतरा लिहिलेलं दिसलं की चुकचुकायचे, मग स्वतःच म्हणायचे, "पण जुडी नाही आली हो." मी काकांना भेटायला गेले तर ते खुशीत होते. तोंडी सांगणं आलं होतं, रोखून सोडा, बघू काय होतं ते. रजिस्टरमध्ये पहिल्यांदाच दोन रकान्यांत वेगवेगळे आकडे होते.

तिसऱ्या आठवड्यात महिनाअखेरचा आढावा झाला. मार्गावरच्या फेऱ्या घटल्या होत्या. किलोमीटर घटले होते. ओव्हरटाइम थोडा वाढला होता, कारण फेऱ्या बदलल्या तरी ड्यूट्या जुन्याच होत्या, त्या नव्याने बांधायचं कोणी मनावर घेतलं नव्हतं. प्रवासी किती मिनिटं कमी थांबले, याला रकाना नव्हता. तोंडी आलेलं तोंडीच परत गेलं. काकांना लेखी आलं ते एवढंच, की वेळापत्रकाचे काटेकोर पालन करावे. पुढच्या वेळी गेले तर रजिस्टर पुन्हा संध्याकाळपर्यंत भरून ठेवलेलं.

मला मात्र संदेश आला. कुठल्या तक्रारीचा क्रमांक होता ते शोधावं लागलं, तिसऱ्या, फोनवरच्या. "आपण केलेल्या सूचनेनुसार थांब्यावरील माहिती अद्ययावत करण्यात आली आहे. तक्रार निकाली काढण्यात आली आहे." दुसऱ्या दिवशी थांब्यावर गेले तर पाटीवर नवा कोरा स्टिकर. "दर १० मिनिटांनी"वर बरोब्बर चिकटवलेला, कडा अजून उचललेल्या नव्हत्या : दर १० ते २० मिनिटांनी.

आजोबा म्हणाले, "तुझ्यामुळे झालं."

पस्तीस मिनिटांनी तीन गाड्या आल्या. पहिलीच्या पायरीवरून कंडक्टर ओरडला, "मागची रिकामी आहे!" दुसरी थांबली. ड्रायव्हर तरुण होता, त्याने नीट थांब्याला लावून दार उघडलं आणि माझ्या हातातल्या वहीकडे एकदा बघितलं. तेवढ्यात तिसरी दोघींना ओलांडून निघून गेली. मी वेळ लिहिली, आठ-एकेचाळीस. गाडीचा नंबर दिसला होता, तो लिहिला नाही.